मुंबईहून न्यूअर्क लांब, न्यूअर्कहून मुंबई जवळ

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: "आईबाबा ताईच्या बाळंतपणासाठी जानेवारीत न्यू जर्सीला निघालेत. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास, मुंबई–न्यूअर्क थेट. अंतर शोधलं की १२,५५० किलोमीटर दिसतं. ताशी नऊशेचा वेग धरला तर चौदा तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना रात्री दीडला निघून त्याच तारखेला सकाळी साडेसातला पोचणार, आणि जूनमध्ये येताना दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. एकीकडे सहा तास, दुसरीकडे चोवीस! विमान कंपनीत फोनवर विचारलं तर म्हणाले, जाताना साडेसोळा तास, येताना साडेचौदा. एकाच रस्त्याला दोन तासांचा फरक कसा? बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. उत्तर पटल्याशिवाय ते बॅग भरायला घेणार नाहीत."

बाबांना माझा नमस्कार सांगा. उत्तर त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळे आकडेमोड झाकून ठेवत नाही.

माझी नोकरी फ्लाइट डिस्पॅचरची होती. हा माणूस प्रवाशांना कधी दिसत नाही. विमान कुठल्या वाटेनं जाणार, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, वाट बंद झाली तर कुठे उतरणार, हे सगळं तो उड्डाणाच्या काही तास आधी मांडतो आणि कॅप्टनसमोर ठेवतो. मी लागलो तेव्हा टेबलावर भलामोठा नकाशा, टोकदार पेन्सिल आणि टेलिप्रिंटरवरून आलेले वाऱ्याचे आकडे असत. सुटलो तेव्हा दोन पडदे होते. हिशोब मात्र तोच होता.

आधी घड्याळाचं कोडं, ते सोपं आहे. विमानाच्या तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. जानेवारीत न्यू जर्सीचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. मुंबईत रात्री दीड वाजता तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे तीन वाजलेले असतात. त्यात साडेसोळा तास मिळवा, सकाळचे साडेसात. जूनमध्ये फरक साडेनऊ तासांचा होतो, कारण अमेरिकेतले लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. न्यूअर्कला दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, अधिक साडेचौदा तास, दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा. म्हणजे पश्चिमेला जाताना दोन वेळांच्या वजाबाकीत घड्याळाचा फरक मिळवायचा, पूर्वेला येताना वजा करायचा. सहा अधिक साडेदहा आणि चोवीस उणे साडेनऊ. फोनवरच्या माणसानं बरोबर सांगितलं होतं.

आता तो १२,५५० चा आकडा.

घरात पृथ्वीगोल असेल तर घ्या, नसेल तर शाळेतून आणा. एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर (न्यूअर्क त्याला लागूनच आहे), आणि दोरा ताणा. तो सपाट नकाशासारखा अरबस्तान, इजिप्त, अल्जीरिया करत पश्चिमेला जाणार नाही. तो मुंबईतून वायव्येला निघेल, सिंध आणि क्वेट्ट्यावरून अफगाणिस्तानात हेरातजवळ जाईल, पुढे कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेकडून कझाकस्तान, मग जवळजवळ थेट मॉस्कोवर, सेंट पीटर्सबर्गच्या अंगावरून स्कँडिनेव्हिया, आइसलंडचा मध्य, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून कॅनडात उतरून न्यूअर्क. वाटेत तो ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट ती हीच. भूमितीत तिला बृहद्‌वृत्त म्हणतात, बाबांना शब्द नवा नसेल. या दोन विमानतळांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी साधारण ११२.८ अंशांचा कोन होतो, आणि एका अंशाला १११ किलोमीटरहून किंचित जास्त. गुणाकार त्यांनीच करावा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेघ काढता येते, तिच्यावरून खरोखर विमान नेलं तर १४,२०० किलोमीटर भरतील. दिसायला सरळ, पण सोळाशे-सतराशे किलोमीटरचा वळसा. पडद्यावर विमान "वाकडं" जाताना पाहून शेजारचे प्रवासी काळजी करतात, तेव्हा हे सांगायला उपयोगी पडेल.

म्हणजे १२,५५० हा आकडा खरा आहे. फक्त त्या रेषेवरून विमान जात नाही.

वर कुठल्या देशांची नावं घेतली ते पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आकाशालाही सातबारा असतो, आणि ज्याच्या नावावर आहे तो वाट अडवू शकतो. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ ला पुन्हा बंद केलं, यावेळी भारतीय कंपन्यांच्या विमानांना. अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर खालून बोलणारं नियंत्रण कक्षातलं कुणी उरलं नाही, त्यामुळे बहुतेकांनी ते आकाश सोडलं. रशियाचं प्रकरण २०२२ च्या युद्धापासूनचं. युरोप, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या विमानांना तिथे मज्जाव आहे, भारतीय विमानांना नाही. त्याचा परिणाम मुंबईनं लगेच पाहिला. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीनं आपली न्यूअर्क–मुंबई थेट सेवा मार्च २०२२ च्या सुरुवातीलाच थांबवली. तेच दोन विमानतळ, तेवढंच अंतर, तरी कुठल्या देशाचा झेंडा शेपटीवर आहे यावर वाट ठरते.

त्यातल्या त्यात मुंबई सुदैवी आहे. दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला पाकिस्तान टाळायचं म्हणजे आधी गुजरातकडे खाली यावं लागतं आणि मग समुद्रावर जावं लागतं. मुंबईचं विमान धावपट्टी सोडली की अरबी समुद्रावरच असतं. म्हणूनच २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं, त्यात दिल्लीची वाट जास्त भरडली गेली. मुंबईहून साधारण वाट अशी: अरबी समुद्र, आखात किंवा सौदी, इराक, तुर्कस्तान, मध्य युरोप, ब्रिटन-आयर्लंड, अटलांटिक, कॅनडाचा पूर्व किनारा, न्यूअर्क. पश्चिम आशियात काही पेटलं की त्यातही पुन्हा बदल. ही वाट मोजली की साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास भरते. गोलावरच्या दोऱ्यापेक्षा हजारभर किलोमीटर जास्त.

पण एवढ्यानं दोन तासांचा फरक पडत नाही. वळसा जाताना पडतो तसा येतानाही पडतोच. फरक पाडतो तो वारा, आणि आमच्या धंद्यातली खरी गोष्ट इथे सुरू होते.

विमान जमिनीवरून चालत नाही, हवेतून चालतं. वाक्य बाळबोध वाटेल, पण बहुतेकांच्या डोक्यात विमान म्हणजे उंचावरून धावणारी एसटीच असते. एसटीला रस्ता धरून असतो. विमानाला धरायला फक्त हवा असते, आणि ती हवाच जागेवर नसते. गोदावरीला पूर आलेला असताना होडी घालून पाहा. वल्ही तेवढ्याच जोरानं मारली तरी काठावरची झाडं खाली जाताना भराभर मागे पडतात आणि वर येताना हलता हलत नाहीत. विमानाचं तसंच. हवेत त्याचा वेग दोन्ही वेळा एकच असतो. बोइंग ७७७ सारखं विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पटीनं चालवतात, तिथल्या कडाक्याच्या थंडीत ते ताशी ८९० किलोमीटरच्या आसपास येतं. त्याच्याखालची जमीन किती वेगानं सरकते हे मात्र वारा ठरवतो.

मध्यम अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकावर त्या पोसल्या जातात, म्हणून हिवाळ्यात त्या दांडग्या होतात आणि उन्हाळ्यात अशक्त. जानेवारीत अटलांटिकवर ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरचा पट्टा म्हणजे आम्हाला काही विशेष नाही. ९ फेब्रुवारी २०२० ला अशाच एका वादळी वाऱ्यावर बसून ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्याच दिवशी उलट दिशेनं निघालेल्यांची आठवण कुणी काढत नाही.

आता तुमच्या तिकिटाचा हिशोब. जाताना वाट १३,५०० किलोमीटर आणि सरासरी समोरून वारा ताशी ३५ किलोमीटर धरू. सरासरी एवढीच, कारण अर्ध्याअधिक वाटेवर वारा आडवा किंवा मामुली असतो आणि जिथे जोराचा असतो तिथे आम्ही तो चुकवतो. जमिनीवरचा वेग झाला ८५५. भागाकार केला की पंधरा तास सत्तेचाळीस मिनिटं. येताना वाट १३,३०० आणि पाठीमागून ५५ चा वारा, वेग ९४५. चौदा तास चार मिनिटं. हे आकडे एका ठरावीक दिवसाचे नाहीत, नमुन्याचे आहेत, पण वागणूक अशीच असते.

यातली खरी गंमत विमानाच्या बाजूनं पाहिली तर दिसते. पंधरा तास सत्तेचाळीस मिनिटं ८९० च्या वेगानं म्हणजे विमानानं सुमारे १४,०५० किलोमीटर हवा कापली. येताना मात्र साडेबारा हजार. इंजिनाच्या लेखी, इंधनाच्या लेखी, मुंबईहून न्यूअर्क हे न्यूअर्कहून मुंबईपेक्षा दीड हजार किलोमीटर लांब आहे. मुंबई–दिल्ली अंतर ११४० किलोमीटर आहे, त्याहूनही जास्त! डिस्पॅचरच्या कागदावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात, जमिनीवरचे मैल आणि हवेतले मैल. नवीन मुलं जमिनीचा आकडा आधी बघतात. आमचे एक वरिष्ठ त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हा प्रवाशांसाठी. आपला तो दुसरा."

म्हणून दोन गावांमधलं हवाई अंतर एका आकड्यात सांगा असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या दिशेनं आणि कुठल्या महिन्यात?

बाबांच्या डोक्यात इथे एक शंका येईल: जाताना गेलेलं येताना मिळतं, मग जमाखर्च शून्य? नाही. मुंबई–लंडन घ्या, ७,२०० किलोमीटर, भागाकाराला सोयीचं. वारा नसेल आणि वेग ९०० असेल तर जायला आठ, यायला आठ, एकूण सोळा तास. आता पूर्ण वाटेवर १०० चा वारा घाला. जाताना वेग ८००, नऊ तास. येताना १०००, सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. वारा उसने घेतलेलं पूर्ण परत करत नाही, कारण नुकसान तुम्ही जास्त वेळ सोसता आणि फायदा कमी वेळ उपभोगता. नववीच्या वर्गाला हे उदाहरण घालता आलं असतं.

यामुळेच अटलांटिकवर ठरलेला रस्ता नाही. आयर्लंडचं शॅनन आणि स्कॉटलंडचं प्रेस्टविक या दोन नावांची मोट बांधून झालेलं शॅनविक, आणि पलीकडे कॅनडातलं गँडर, ही दोन केंद्रं वाऱ्याचा अंदाज पाहून महासागरावरच्या समांतर वाटा रोज नव्यानं आखतात, पश्चिमेला जाणाऱ्यांच्या वेगळ्या, पूर्वेला येणाऱ्यांच्या वेगळ्या. जाताना वारा चुकवायचा, येताना पकडायचा. कधी कधी येतानाची वाट किलोमीटरांत चक्क लांबची निवडतो, कारण तिच्यावर वारा आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं याच तर्कानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. वाट हजाराहून जास्त किलोमीटरनं वाढून पंधरा हजारांच्या वर गेली, पण सगळा प्रवास पूर्वेकडे, वारा पाठीशी, आणि साडेचौदा तासांत विमान पोचलं.

त्या बातमीबरोबर एक चुकीची समजूतही पसरली होती, ती इथेच निस्तरतो. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून त्या दिशेनं विमान लवकर जातं." पृथ्वी फिरते तेव्हा हवाही तिच्यासोबत फिरते, आणि जमिनीवर उभं असलेलं विमानही. नुसत्या फिरण्यामुळे वेळ वाचत असता तर हेलिकॉप्टरनं नाशिकवर तरंगत राहायचं आणि मुंबई आपणहून खाली येऊ द्यायची! पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध एवढाच की वाऱ्यांना पूर्वेकडे वळण लागतं. वेळ वाचवतो तो वाराच.

आता हिशोबात राहिलेली मिनिटं. जाताना पंधरा तास सत्तेचाळीस आकाशात, तिकिटावर साडेसोळा. उरलेली त्रेचाळीस मिनिटं जमिनीवर जातात. तिकिटावरची वेळ चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतची नसते. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसरीकडे ठोकळे लावेपर्यंतची असते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. व्यवहारात एवढा मोठा विमानतळ एका पट्टीवर चालतो. रात्री एक ते तीन ही परदेशी विमानांची गर्दीची वेळ. दीडचं विमान दीडला जागेवरून ढकललं जातं आणि रांगेत उभं राहतं. त्यासाठी कंपन्या वेळापत्रकात थोडी जागा आधीच धरून ठेवतात. वारा बरा लागला आणि रांग छोटी निघाली तर विमान वेळेआधी पोचतं आणि कॅप्टन अभिमानानं घोषणा करतो. त्यातला काही अभिमान वेळापत्रक बनवणाऱ्याचा असतो.

एवढ्या रात्रीच का निघतात हाही प्रश्न येतोच. पलीकडे सकाळी उतरलं की प्रवाशांना पुढची विमानं मिळतात, तेच विमान दुपारी परत फिरवता येतं, आणि आपल्याकडची रात्रीची हवा दुपारपेक्षा थंड असते. थंड हवा दाट असते, जड विमानाला ती उचलायला बरी पडते.

जड म्हणजे किती, ते सांगायला हवं. ७७७-३०० ईआर या विमानाला जास्तीत जास्त ३५१ टन वजनानं उडायची मुभा आहे. रिकामं विमानच १७० टनांच्या घरात. टाक्या गच्च भरल्या तर १४५ टन इंधन. उरतात पस्तीस-चाळीस टन, त्यात माणसं, बॅगा आणि माल. बॅगांसकट माणशी सरासरी शंभर किलो धरले तर साडेतीनशे माणसांतच ती जागा संपते. ताशी सात-आठ टन इंधन जळतं. वाऱ्यामुळे प्रवास तासभर वाढला तर आठ टन जास्त हवेत, आणि ते आठ टन वाहून न्यायलाही इंधन लागतं, कारण दर तासाला सोबतच्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन नुसतं ते वजन वर धरून ठेवण्यात जातं. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात शेवटी लागणाऱ्या प्रत्येक टनासाठी निघताना दीड टनाहून जास्त भरावं लागतं.

वर कायद्यानं लागणारं राखीव इंधन: वाटेतल्या चुकभुलीचं, न्यूअर्कला उतरता आलं नाही तर बोस्टन किंवा फिलाडेल्फियाला पोचण्याचं, आणि तिथेही घिरट्या घालाव्या लागल्या तर शेवटचं अर्ध्या तासाचं. या शेवटच्या अर्ध्या तासाला हात लावायचा नसतो.

एका मे महिन्यात माझ्या पाळीत असंच झालं. वाट लांबली होती, अटलांटिकवर मोसमाला न शोभणारा वारा होता, आणि मालात हापूसच्या पेट्या होत्या, विकिरण करून, शिक्के मारून तयार. वजन जमेना. माणसं उतरवायची नाहीत, बॅगा उतरवायच्या नाहीत, मग काय उरलं? रात्री साडेबाराला मी पेट्या उतरवायला सांगितलं. मालवाहतुकीचा माणूस फोनवर मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि तो चुकला असंही मला वाटत नाही. रत्नागिरीच्या कुण्या बागायतदाराचा आंबा आयर्लंडच्या पश्चिमेच्या वाऱ्यामुळे मुंबईत अडकला, हे त्याला कुणी समजावून सांगितलं असेल?

थेट की मध्ये थांबणारं, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी पुढच्या वेळेसाठी सांगतो. लोकांना वाटतं की दुबई किंवा फ्रँकफर्टला थांबलं म्हणजे मोठा वळसा. मोजून पाहा. मुंबई–फ्रँकफर्ट साधारण ६,५७० किलोमीटर, तिथून न्यूअर्क ६,२१०. बेरीज १२,७८०, गोलावरच्या दोऱ्यापेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. दुबईमार्गे न्यूयॉर्क तेरा हजारांच्या आत. अंतर जवळपास तेच, वेळ जातो तो थांब्यावर: उतरणं, पुन्हा तपासणी, दुसरं दार शोधणं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर घालमेल. पाय मोकळे होतात हा त्याचा फायदाही आहे. पण पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी कमी बोलणाऱ्या ज्येष्ठांना मी थेट विमानच सुचवतो. दोन-तीन हजार रुपयांसाठी थेट विमान सोडू नका, फरक मोठा असेल तर घरात बसून ठरवा. मध्ये थांबायचंच असेल तर थांबा अडीच तासांपेक्षा कमी आणि पाच तासांपेक्षा जास्त नको.

आणि साडेसोळा तास हा आकडा धरून ताईनं जेवण तयार ठेवायचं नाही. नाशिकहून मुंबई विमानतळ चार-पाच तास, घाटात काही झालं तर त्याहून जास्त. तिथे तीन-चार तास आधी पोचायचं. न्यूअर्कला उतरल्यावर पासपोर्टची रांग, बॅगा, त्यात लाडू-चटण्या कुणी उघडून पाहिल्या तर तो वेळ. दारापासून दारापर्यंत सव्वीस-सत्तावीस तास धरा. वाटेत दर दोन तासांनी उठून चालणं, पाणी पीत राहणं. बाबांना किंवा आईंना मधुमेहाचं इंजेक्शन किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर साडेदहा तासांच्या फरकात डोस कसा सरकवायचा हे आपल्या डॉक्टरांना आताच विचारा, आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नकोत.

बाबांना खिडकीची जागा घ्या. समोरच्या पडद्यावर नकाशा लावला की बहुतेक विमानांत तीन आकडे फिरत असतात: जमिनीवरचा वेग, समोरचा किंवा पाठचा वारा, आणि बाहेरचं तापमान. अटलांटिकवर आल्यावर त्यांनी कागद-पेन्सिल काढावी. तापमानात २७३ मिळवायचे, त्याचं वर्गमूळ काढायचं, २०.०५ नं गुणायचं. तो त्या उंचीवरचा ध्वनीचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये. त्याला ३.६ नं गुणून ताशी किलोमीटर करायचे. मग जमिनीवरच्या वेगात समोरचा वारा मिळवायचा आणि या संख्येनं भागायचं. बाहेर उणे ५५, वेग ८५०, वारा ४० असेल तर उत्तर ०.८३ आणि ०.८४ च्या मध्ये येईल. जूनमध्ये परत येताना वारा मिळवायच्या ऐवजी वजा करायचा. उत्तर तेवढंच येतंय का, ते मला जरूर कळवा.